किती कॉफ्या झाल्या?

तुळशीचं लग्न आटोपलं की बऱ्हाणपुरातल्या आमच्या राजपुऱ्यात दोन आवाज वाढतात. एक बँडवाल्यांचा आणि दुसरा कॉफीच्या मशीनचा. बँडवाले दुपारी गल्लीच्या टोकाला बसून एकच ओळ दहादा वाजवतात. मशीनवाल्याला सरावाची गरज नसते. तो आपलं ते घागरीएवढं यंत्र हातगाडीवरून उतरवतो, उन्हात घासून लखलखीत करतो आणि चालतं की नाही हे बघायला एकदा वाफ सोडतो. फुर्रर्र! गल्लीतली कुत्री भुंकायला लागतात. माझ्या हातात त्या वेळी बहुधा सहामाहीचे पेपर असतात आणि ताप्तीला बंगालच्या उपसागरात नेऊन सोडणाऱ्या मुलींवर मी चिडलेली असते. ताप्तीच्या काठी जन्म काढायचा आणि ही तऱ्हा!

परवा पुन्हा ती फुर्रर्र ऐकू आली आणि लाल पेन हातातच राहिलं. दोन वर्षांपूर्वीची लगीनसराई आठवली. त्या सराईत मी, शोभा मॅडम, भूगोलाची मास्तरीण, वय वर्षं चोपन्न, पाच कॉफ्या केल्या. म्हणजे माझ्या नव्हे, माझ्या भाचीच्या.

हे जरा उलगडून सांगायला हवं. आमच्या वेळी मुलगी बघायला यायचे तेव्हा पोहे असायचे, आणि ‘पोहे’ म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नसे. आता गावात त्याची जागा कॉफीने घेतली आहे. देवळात भेटलेल्या बायका एकमेकींना सरळ विचारतात, ‘‘मुलीच्या किती कॉफ्या झाल्या?’’ मग दुसरी बोटं मोजते. प्यायलेल्या कपांशी या मोजणीचा काही संबंध नसतो. मुलाने चहा घेतला तरी ती कॉफीच.

बऱ्हाणपूर म्हणजे काही कॅफेचं गाव नव्हे. लोक येतात, किल्ला बघतात, मावा-जिलेबी खातात, तोंड पुसतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. आम्हाला चहाच्या टपऱ्या पुरत होत्या. पण तीन-चार वर्षांत काय वारं सुटलं कोण जाणे, इथे एक, तिथे एक अशी कॅफे निघाली. कुठल्या मोठ्या कंपनीचं त्यात एकही नाही. ज्याच्याकडे जी जागा रिकामी होती, तिथे त्याने आपल्या अकलेने टेबलं मांडली. कोणी चुलत्याच्या दुकानाच्या माडीवर, कोणी बंद पडलेल्या कारखान्यात. एकाने तर केळी पिकवायच्या खोलीत. आणि भिंतीवर न चुकता काहीतरी प्रेमळ इंग्रजी वाक्य, दिव्यांच्या माळेत.

प्राची माझ्या दादाची मुलगी. माझी भाची. आता खरं म्हणजे भावाची मुलगी ती भाची की पुतणी, यावर शहाण्या लोकांनी मला पुष्कळदा हटकलं आहे. आमच्या घरात ती माझी भाचीच, आणि मी तिची आत्या. ती तेव्हा सव्वीस वर्षांची होती. कापडाच्या प्रोसेसिंग युनिटमध्ये तिची रंग जुळवायची नोकरी. व्यापारी चिंधीएवढा नमुना पाठवतो, आणि तसाच रंग हजारो मीटर कापडावर उतरला की नाही हे प्राची बघते. घरातही तिची नजर तीच. वरण वाढलं की म्हणायची, ‘‘आज हळद जास्त पडलीय, मम्मी.’’ आणि खरंच पडलेली असायची.

स्थळं यायला लागली तेव्हा तिने एकच अट घातली. ‘‘घरी नको. घरी मला बघायला आल्यासारखं वाटतं.’’

‘‘मग बघायलाच येतात वं माय!’’ वहिनी म्हणाली. वहिनी रावेरकडची. तिला राग, आश्चर्य, कौतुक सगळ्याला ‘माय’ लागते.

शेवटी दादाने तोडगा काढला. मुलांनी बाहेर भेटावं, पण घरचं कोणी मोठं माणूस जवळपास असावं. दादा स्वतः गेला असता तर मुलाकडे टक लावून बसला असता. वहिनी गेली असती तर मुलाला बोलायला मिळालं नसतं. दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे बघितलं. ‘‘शोभे, तूच जात जा. तू आपली वाचत बसशील.’’ झाली नेमणूक. पगार नाही, रजा नाही.

नियम असे होते: मी वेगळ्या टेबलावर बसायचं, त्यांच्याकडे पाठ करून. ओळख दाखवायची नाही. प्राचीने ओढणी डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर घेतली की घड्याळ बघून उठायचं. पाठ त्यांच्याकडे असताना मला ओढणी दिसणार कशी, हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. पहिल्या कॉफीला तिने बिचारीने ओढणी चार वेळा इकडून तिकडे केली म्हणे.

ती पहिली कॉफी इतवाऱ्यात, साडीच्या दुकानाच्या माडीवर. जिना एवढा अरुंद की समोरून कोणी आलं तर एकाने मागे फिरायचं. गल्ल्यापाशी उभ्या माणसाने माझ्यापुढे लांबलचक यादी ठेवली. त्यात मला एकच नाव ओळखीचं दिसलं. एस्प्रेसो. जीव भांड्यात पडला.

कारण एस्प्रेसो आम्हाला लहानपणापासून माहीत. लग्नात मांडवाच्या कोपऱ्यात जो मशीनवाला उभा असतो त्याची ती एस्प्रेसो. गावातले निम्मे लोक तिला एक्सप्रेसो म्हणतात. भरपूर दूध, भरपूर साखर, वाफेने उसळलेला हा एवढा फेस आणि त्यावर भुरभुरलेली चॉकलेटची पावडर. थंडीत नव्या शालूवर शाल घेऊन तो कप दोन्ही हातांत धरायचा. वरच्या ओठावर फेसाची मिशी आली नाही तर ती कॉफी झालीच नाही. लग्नातली जेवणं मी विसरले, नवरा-नवरीची नावंही विसरले, पण त्या पावडरीचा वास आला की मला कुठलीतरी थंडी आठवतेच.

‘‘एक एस्प्रेसो,’’ मी म्हटलं.

‘‘मॅडम, पक्का?’’ त्याने विचारलं.

‘‘पक्का.’’ असं का विचारतोय, मला कळेना.

जे आलं ते भातुकलीच्या कपात होतं. तळाशी दोन घोट काळंकुट्ट. दूध नाही, साखर नाही, फेस म्हणावा तर नखाएवढा. मी कपाकडे बघत राहिले. तो तिथेच उभा. ‘‘मॅडम, यही चाहिए था ना?’’

आता इथे सांगून मोकळं व्हायचं की नाही? की बाबा रे, चुकलं, मला ती लग्नातली हवी होती. शेजारच्या टेबलावर कॉलेजच्या चार मुली बसल्या होत्या. त्यांतल्या दोघी माझ्या हाताखालून गेलेल्या. मी मान ताठ केली. ‘‘हां. यही चाहिए था.’’ आणि प्यायले. कडुनिंबाचा काढा बरा. डोळ्यांत पाणी आलं ते मी पुस्तकात नाक घालून लपवलं.

घरी गेल्यावर प्राचीने मुलाबद्दल काही सांगायच्या आधी हे सांगितलं. ‘‘बाबा, आत्या ब्लॅक पिते! डायरेक्ट! विदाउट शुगर!’’ दादाने माझ्याकडे नव्या नजरेने बघितलं. वहिनी म्हणाली, ‘‘माय वं!’’ आणि मग दुसऱ्या कॅफेत, तिसऱ्या कॅफेत प्राची मी सांगायच्या आधीच माझ्यासाठी एस्प्रेसो सांगून ठेवायची. मी प्यायचे. एकदा मान ताठ केली की ती खाली घेणं अवघड असतं.

गावातली कॅफे आमच्या घरात त्यांच्या पाटीवरच्या नावाने कोणी ओळखत नाही. ती त्या-त्या मुलाच्या नावाने आहेत. इतवाऱ्यातलं ते ‘रक्तगटवालं’, कारण त्या मुलाने पाच मिनिटांत आपला रक्तगट सांगून प्राचीचा विचारला होता. ताप्तीकाठचं ते ‘आईवालं’. मुलाची आई बाहेर गाडीत बसून होती आणि दर दहा मिनिटांनी फोन करून विचारत होती, झालं का? केळी पिकवायच्या खोलीतलं ते ‘मौनीबुवाचं’. तिथला मुलगा बोललाच नाही. त्या खोलीच्या भिंती हातभर जाड, आत कायमचा गारवा, आणि कॉफीच्या वासाखाली पिकल्या केळ्यांचा गोड वास इतका मुरलेला की आपण शिकरण पितो आहोत असं वाटावं. ते कॅफे यंदा बंद झालं. खोलीत पुन्हा केळी पिकतात, आणि खरं सांगायचं तर त्या खोलीला तेच शोभतं.

प्राची कुठेही गेली तरी खिडकीशी बसायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, ‘‘आत्या, ट्यूबलाइटखाली दोन रंग एकदम सेम दिसतात ना, तेच बाहेर उन्हात नेले की वेगळे निघतात. आमच्याकडे फायनल करायचं तर बाहेर नेऊनच बघतात.’’ मला हे फार आवडलं. भूगोलाच्या पुस्तकात असं काही नसतं.

पहिल्या चौघांकडून पुढे निरोपच आला नाही, त्यामुळे प्राचीला हो-नाही काही सांगावंच लागलं नाही. पाचवा मुलगा मात्र चांगला होता. इच्छापूरच्या वाटेवर घरची केळीची शेती, स्वतः इंदूरला नोकरीला. आमचा हा ‘ओळख दाखवायची नाही’चा खेळ त्याने पहिल्या मिनिटात ओळखला, सरळ माझ्या टेबलापाशी आला, नमस्कार केला आणि म्हणाला, ‘‘आत्या, तुम्ही भिंतीकडे तोंड करून किती वेळ बसणार? इकडे उजेडात बसा ना.’’ मला तो आवडला. दादाला आवडला, वहिनीला तर इतका की तिने मांडवाची जागा मनातल्या मनात मोजून टाकली. दुसऱ्यांदा भेट झाली, जी आधी कोणाशी झाली नव्हती. रविवारी दुपारपर्यंत काय ते कळवतो, असं दादाने त्यांना सांगितलं.

आणि प्राची त्याचं नाव निघालं की उठून जायला लागली.

शुक्रवारी सकाळी मी दूध घेऊन स्वयंपाकघरात शिरत होते. वहिनी मेथी निवडत होती. तिचा आवाज चढलेला. ‘‘अगं पण कारण काय सांगू मी त्या लोकांना? वाईट काय आहे त्याच्यात?’’

‘‘काहीच वाईट नाही, मम्मी. घरात बसून बघितलं तर सगळं जुळतंय. बस, मला नको वाटतंय.’’

‘‘नको वाटतंय! आत्यासारखं करू राहिली काय तू? भुसावळचं इतकं चांगलं स्थळ, तिनं पण असंच नाही म्हटलं. काय झालं मग?’’

मग तिला मी दिसले. मेथीची जुडी हातातच राहिली. ‘‘शोभाताई, तुम्हाला नाही वं बोलू राहिली मी.’’

‘‘दूध ठेवते,’’ मी म्हटलं आणि ठेवलं. वहिनीचा राग नाही आला. तिने तेच म्हटलं जे सगळं गाव तीस वर्षं म्हणत आलं आहे. पण वाईट वाटलं, आणि दिवसभर वर्गात मी नकाशे उलटे टांगत राहिले.

भुसावळचं स्थळ. तीही थंडीच होती. मी आंबा रंगाची साडी नेसले होते आणि पोह्यांत नेमकं मीठ कमी पडलं होतं. तो रेल्वेत होता. त्याने मला वय, शिक्षण, स्वयंपाक यांतलं काही विचारलं नाही. भिंतीवर मी काढलेला ताप्तीच्या खोऱ्याचा नकाशा होता, त्याच्याकडे बघून म्हणाला, ‘‘यात आमचं भुसावळ कुठे?’’ मी बोट ठेवून दाखवलं. एवढंच. रात्री अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी विचारलं, ‘‘काय गं?’’ मी मान खाली घालून ‘हो’ म्हटलं. आठ दिवस मी त्या ‘हो’वर तरंगत होते, हे आता लिहायला हरकत नाही.

नवव्या दिवशी मध्यस्थ आला आणि सांगून गेला, मुलाचं नाही म्हणणं आहे. मी परसात कपडे वाळत घालत होते. थोड्या वेळाने ओट्यावरून अण्णांचा आवाज आला. शेजारचे कोणी विचारत होते. अण्णा नेहमीपेक्षा मोठ्याने म्हणाले, ‘‘आमच्या मुलीनंच नाही म्हटलं. तिला नाही पसंत पडला.’’

अण्णांनी माझी लाज राखली. त्यावर आमचं दोघांचं आयुष्यात कधी बोलणं झालं नाही. दादा तेव्हा इंदूरला होस्टेलवर. त्याला पत्रातून जे कळलं तेच खरं वाटलं. गावात झालं, शोभाने मुलाला नाकारलं, मोठी मानी मुलगी आहे. मानी मुलीच्या दारात पुढे लोक जपूनच यायला लागले, आणि मग येईनासे झाले. मी मात्र तो ‘नाही’ अंगावर घेतला. बाजारातून जाताना, शाळेत, लग्नाच्या मांडवात तो मला उपयोगी पडायचा. बिचारी म्हणायची कोणाची छाती नव्हती.

रविवारी सकाळी प्राची म्हणाली, ‘‘आत्या, चल कॉफीला. फक्त तू आणि मी.’’

आम्ही लूमवाल्या कॅफेत गेलो. हे एका जुन्या पॉवरलूमच्या कारखान्यात आहे. मालकाने आपले लूम विकले, एक आठवण म्हणून कोपऱ्यात ठेवला आणि बाकी जागेत टेबलं मांडली. पण आजूबाजूचे कारखाने चालूच आहेत. खटखट, खटखट, चारी बाजूंनी. त्या कॅफेत कुजबुजता येत नाही. प्रेमात पडलेली मुलंसुद्धा तिथे भांडल्यासारखी बोलतात.

प्राचीने बसता बसता हाक मारली, ‘‘भैया, आत्याची एस्प्रेसो!’’

‘‘थांब,’’ मी म्हटलं. मी स्वतः उठून गेले. ‘‘मला ती लग्नातली द्या. दुधाची. फेस भरपूर आणि वर चॉकलेटची पावडर.’’

प्राची डोळे फाडून बघत होती. ‘‘तुझी ब्लॅक?’’

‘‘मला ती कधीच आवडली नाही.’’

‘‘काय? मग इतके दिवस?’’

‘‘पहिल्या वेळी चुकून आली. हेच हवं होतं असं म्हणून बसले. मग पीत राहावी लागली.’’

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग हसणं थांबलं आणि ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, ‘‘आत्या, मी आज हो म्हणून टाकणार आहे. माझ्यात तुझ्यासारखी हिंमत नाही यार. पण एक सांग. नाही म्हटल्याचा तुला पस्तावा होतो का?’’

आता हा प्रश्न असा होता की पस्तावा होतो म्हटलं तर ती हो म्हणणार, आणि होत नाही म्हटलं तर मी खोटी. माझी हिंमत! माझ्यापुढे फेसाचा कप आला होता. मी एक घोट घेतला.

मग मी तिला सगळं सांगितलं. साडीचा रंग, नकाशा, अण्णा ओट्यावर. खटखटीत मोठ्याने सांगावं लागत होतं, तरी सांगितलं. नोकरीचं, एकटेपणाचं, काय सोपं गेलं आणि काय नाही, तेही सांगितलं. ‘‘पस्तावा कशाचा करू? ज्याचा पस्तावा करायचा तो ‘नाही’ माझा नव्हताच.’’

प्राची खिडकीकडून माझ्याकडे वळली. ‘‘हे कोणाला माहीत आहे?’’

‘‘अण्णांना होतं. मला आहे. आता तुला.’’

तेवढ्यात तिचा फोन वाजला. दादा. ऐकू यावं म्हणून तिने तो स्पीकरवर टाकला. ‘‘प्राची, ते लोक वाट बघताहेत बेटा. काय सांगू?’’

‘‘नाही, बाबा.’’

‘‘काय? खटखट फार आहे. हो ना? हो सांगू?’’

‘‘बाबा, नाही म्हणतेय!’’

‘‘अगं, नाही का? कारण तरी दे! ती आत्या समोर बसली असेल ना, विचार तिला. तिनेही असंच कारण न देता नाही म्हटलं होतं. तुला तिच्यासारखं...’’ पुढे तो थांबला. पण मला पुढचं पाठ होतं.

प्राचीचा चेहरा उतरला. मला दिसलं की आता ही हो म्हणणार.

मी तिच्या हातातून फोन घेतला आणि सगळा जीव एकवटून ओरडले, ‘‘दादा! मी नाही म्हटलं नव्हतं! मी हो म्हटलं होतं!’’

आणि नेमकी त्याच क्षणी लाईट गेली. मोहल्ल्यातले सगळे लूम एकदम थांबले. माझ्या वाक्याचा पुढचा अर्धा भाग त्या शांततेत असा काही घुमला की मालक दुधाचं भांडं हातात धरून तसाच उभा राहिला. पाच-सहा टेबलांवरची माणसं माझ्याकडे बघत होती. त्यांतले निम्मे मला ओळखत होते. माझ्या ओठावर फेसाची मिशी असणार. पुसायला हात उचलला आणि राहू दिला.

‘‘मग नाही कोणी म्हटलं?’’ दादाचा आवाज अगदी जवळ आल्यासारखा वाटला.

‘‘त्यांनी. अण्णांनी ते माझ्या नावावर घातलं.’’

‘‘शोभे... तुला आवडला होता तो?’’

‘‘हो,’’ मी म्हटलं. तीस वर्षांनी तो शब्द पुन्हा तोंडातून बाहेर पडला आणि मला रडू आलं, पण बोलायचं होतं. ‘‘आपल्या घरात आजपर्यंत कुठल्या मुलीनं नाही म्हटलेलंच नाही, दादा. ही पहिली आहे. नीट ऐकून घे.’’

मी फोन प्राचीपुढे धरला. आता ओरडायची गरज नव्हती. उन्हाचा एक पट्टा खिडकीतून तिच्या हातांवर आला होता.

‘‘नाही, बाबा,’’ ती हळूच म्हणाली. आणि या वेळी दादाला ते नीट ऐकू गेलं.